चमक मारायचं वार्निश

दौंडच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिरूरला आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोडं. तिथं कपड्याला साबण नुसता दाखवला तरी बादली फेसानं भरायची. मामांच्या रेल्वे क्वार्टरात पहिल्या दिवशी मी मामीची लुगडी घासायला बसले, तर अंगठ्याएवढी वडी झिजली तरी हाताला नुसता पांढरा चोथा. आतून खाटेवरून मामी म्हणाली, "फेसाची वाट बघू नको गं शालन. हितं न्हाई येत त्यो. आपटून काढ." त्या दिवसापासून पुढं दीड-दोन वर्षं मी आपटतच होते, असं आता वाटतं. त्या दिवसांची मला पहिली आठवण येते ती पाठीतल्या कळेची. तोंडाआधी पाठच बोलते.

झालं होतं असं, की मी बारावीला इंग्रजीत उडाले. आमचा भाजीपाल्याचा आणि झेंडूचा मळा, घरात कामाला हात कमी नव्हते. पण दौंडला माझ्या आईचा सख्खा भाऊ, शंकरमामा. त्यांना मूलबाळ नाही आणि मामीला संधिवातानं अंथरुणाला खिळवलेलं. आप्पा म्हणाले, "परत परीक्षेला बसायचं तर बस, पर तवर मामाकडं जा. त्यांच्या चुलीपाशी कुणी न्हाई." पत्र्याची पेटी, मेथीच्या दोन जुड्या आणि वांग्यांची पिशवी देऊन त्यांनी मला शिरूरच्या स्टँडवर एसटीत बसवलं. चौफुल्याला गाडी बदलायची. पाटसला साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्यांनी रस्ता धरलेला. एसटी बैलाच्या चालीनं चाललेली, आणि माझ्या मांडीवरची मेथी तोवर मान टाकून बसली होती. परीक्षेला मी परत बसले नाही ते नाहीच. तशी वेळच आली नाही म्हणा, किंवा मीच येऊ दिली नाही.

मामीची खाट मधल्या खोलीत अशा बेतानं टाकली होती, की तिला पडल्या पडल्या स्वयंपाकघर दिसावं, बाहेरचं दार दिसावं आणि खिडकीखालचं मामांचं टेबलही दिसावं. हातात एक वेताची छडी. काही हवं असलं की ती छडी खाटेच्या लोखंडी पायावर वाजवायची. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर कूस बदलायची, आणि लागोपाठ वाजली तर भाकरी करपली. बाहेर यार्डात दिवसभर डबे जोडायचे, एकमेकांवर आदळायचे, त्याचा तो धडाड करून लांबवर पळत जाणारा आवाज. मला सुरुवातीला वाटायचं, काहीतरी कोसळलं. मामी म्हणायची, "काय न्हाई कोसळत. जोडत्यात." त्या पाण्यात डाळसुद्धा धड शिजायची नाही. सकाळी टाकलेली तुरीची डाळ दुपारी दाताखाली कचकच करायची. मग चिमूटभर सोडा टाकायचा, नाहीतर डाळीचा नाद सोडून शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी. मामीच्या पायाला तेल लावायचं, तिला न्हाऊ घालायचं, मामांचा डबा करायचा, धुणं आपटायचं, आणि दुपारी जरा टेकावं म्हटलं की छडी वाजायची. मी तक्रार करत नाही. मामी गोड होती. पण दमणूक ती दमणूकच.

मामा लोको शेडमध्ये फिटर. सगळी नोकरी वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर गेली. दौंडचं ते खारं पाणी आमची जशी डाळ शिजू देत नव्हतं, तसंच इंजिनाच्या पोटात क्षार धरायचं. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून, बुचं उघडून, आतून तो पांढरा थर धुऊन काढावा लागायचा. त्याला वॉशआऊट म्हणायचे. ते मामांचं काम. वॉशआऊट लांबला, की बुचाच्या खालून काळ्या पत्र्यावर पांढरे ओघळ यायचे, आणि ड्रायव्हर लोक शेडमध्ये येऊन फिटरच्या नावानं ओरडायचे. घरातला तांब्याचा बंबही मामा दर महिन्याला तसाच उघडून खरवडायचे. मामी म्हणायची, "ह्यांना भांडं दिसलं की वॉशआऊट." मग वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं. मामांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं, लोकांना साबण आणि चिंध्या वाटायला. तिथून घरी आले, की ते चहा घेऊन टेबलाशी बसायचे आणि पत्र्याची, पितळी नळ्यांची, लाकडाची छोटी इंजिनं करायचे. उगाच शोभेची नाहीत. मापात. खऱ्या इंजिनाचे बत्तीस इंच म्हणजे ह्यातला एक इंच. खिळा असो की पायरी, सगळं त्याच हिशोबात.

इस्माईलचाचा म्हणून एक जुने ड्रायव्हर होते, मामांपेक्षा वयानं मोठे. मामांची आणि त्यांची तीस वर्षांची भांडणं आणि तीस वर्षांची मैत्री. मी यायच्या आधी मामांनी एक इंजिन करून त्यांना कौतुकानं दाखवलं होतं. काळंभोर, आरशासारखं लखलखीत. चाचांनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि विचारलं, "अच्छा है रे शंकर. इसकी चावी किधर है?" चावी द्यायची आणि सोडायचं, तसलं खेळणं. शेडमधले सगळे हसले. मामाही हसले. मामी मला सांगायची, "तवा हसले, आन् घरी येऊन दोन दिस जेवले न्हाईत." आता चाचा रिटायर होणार होते, आणि नोकरी संपली की सोलापूरला लेकीकडं कायमचे जाणार होते. शेडच्या लोकांनी ठरवलं, की त्यांचंच इंजिन, ज्याच्यावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ते, मामांनी करावं आणि निरोपाला द्यावं. मामांनी होकार दिला तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागलेला होता. आधी चहाच्या कपाला कळलं, मग आम्हाला.

सव्वा वर्ष चाललं ते काम. जसजसा हात जास्त हलायला लागला, तसतसं एकेक काम माझ्याकडं आलं. आधी पॉलिश पेपर मारायचा, मग कानस, मग नळ्या धरायच्या आणि मामांनी त्या जोडायला कथलाचा डाग द्यायचा, मग मीच डाग द्यायचा आणि मामांनी नुसतं बोलायचं. मला ते आवडायचं का, असं माझी सून मध्यंतरी विचारत होती. आवडायचं म्हणजे काय, तेवढा वेळ बसायला मिळायचं. स्टुलावर बसून केलेलं दुसरं कुठलंच काम त्या घरात नव्हतं. शेवटचे खिळे, म्हणजे बॉयलरच्या पत्र्यावरचे ते मोहरीएवढे ठिपके, मामांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून एकेक बसवले. तीन आठवडे लागले. काळा रंग मी दिला. रंग वाळल्यावर मामांनी खिडकी उघडून इंजिन उजेडात धरलं आणि मान हलवली.

"चकाकतंय," ते म्हणाले.

"मग बरंच हाय की," मी म्हटलं.

"बरं कसलं. लोखंड बत्तीस पट बारीक करता येतं पोरी, चमक न्हाई येत करता. ती तेवढीच ऱ्हाती. म्हणून तर खेळणं वाटतं. खरं इंजिन लांबून बघ. ते दमलेलं असतं. धूर खाल्लेला, राख बसलेली. दमलेल्या वस्तूला चमक नसती."

म्हणून त्यांनी ते वार्निश मागवलं होतं. मुंबईला जाणाऱ्या एका गार्डाला सांगून, तीन महिने वाट बघून, एवढासा डबा आला. म्याट वार्निश. मामी खाटेवरून म्हणाली, "म्याट म्हंजी चटई न्हवं?" मामा म्हणाले, "चटईच समज. चमक आडवी पाडायची." साधं वार्निश चमक आणतं, हे चमक मारतं. मी कधी ऐकलंच नव्हतं, की पैसे देऊन चमक घालवायची असते. आमच्याकडं भांडी घासून घासून हाताची सालटी जायची ती कशासाठी?

निरोपाला नऊ दिवस राहिले होते, आणि मामांना हात दाखवायला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तीन दिवस जायचं होतं. जाताना त्यांनी मला दारात उभं करून सगळं सांगितलं. खिडकी लावून घ्यायची, धूळ नको. फरशी ओल्यानं पुसायची नाही, दमट हवेत वार्निश पांढरं पडतं. ब्रश रुंद आणि मऊ. पातळ हात मारायचा, एकाच दिशेनं, आणि एकदा ब्रश फिरला की तिथं परत जायचं नाही. एक हात आज, एक उद्या. "आन् वार्निश साफ पायजे," ते म्हणाले. "कचरा नको. एक कण जरी त्या पत्र्यावर दिसला तर आपलं सव्वा वरीस पाण्यात." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. त्याच्या आधी ते डबा ढवळण्याबद्दल काही बोलले असतील का? मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला वाटतं, नाही बोलले. जो माणूस रोज भाकरी थापतो, तो पिठात पाणी घाल असं कुणाला सांगत नाही.

मी डबा उघडला. वर मधासारखं स्वच्छ, नितळ वार्निश. काडी घालून पाहिली, तर तळाशी बोटभर पांढरा गाळ. घट्ट, साईसारखा. मला मामांची आठवण झाली: एक कण दिसता कामा नये. आता बाई माणसानं असं काही दिसल्यावर काय करावं? तुपाच्या तळाशी बेरी असते, ती आपण गाळतो. काकवी गाळतो. गाळायचंच असतं. मामीच्या जुन्या, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या लुगड्याचं फडकं घेतलं, दुहेरी केलं, आणि पितळी वाटीवर धरून सगळं वार्निश गाळून घेतलं. हळूहळू, घाई न करता. गाळ सगळा फडक्यात राहिला. फडकं मोरीत नेऊन रॉकेलनं धुतलं आणि वाळत घातलं. मामीनं विचारलं, "काय करतीस गं?" मी म्हटलं, "साफ करून घेते. तळाला लई घाण व्हती." मामी म्हणाली, "पैसं घेत्यात आन् घाण देत्यात." आम्ही दोघी त्या कंपनीला नावं ठेवत बसलो.

मग मी वार्निश दिलं, आणि सांगते, त्या वेळी माझा हात जितका चांगला चालला तितका पुढं आयुष्यात कधी चालला नाही. चिमणीपासून मागच्या डब्यापर्यंत, श्वास धरून. कुठं ओघळ नाही, कुठं ब्रशाचा केस नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. वाळताना ते चमकत होतं, पण मी म्हटलं, ओलं आहे, वाळलं की बसेल चमक. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी खाटेवरून बघत म्हणाली, "शालन, त्यात मला माझी खाट दिसती."

मामा दुपारच्या गाडीनं आले. चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि टेबलाकडं गेले. डबा उघडून आत पाहिलं, काडीनं तळ खरवडला.

"हितं तळाला काय व्हतं?"

"गाळ व्हता मामा. समदा गाळून टाकला. एक कण न्हाई ठेवला."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. "त्योच माल व्हता पोरी," ते म्हणाले. "वरचं नुसतं वार्निश. चमक मारती ती तळाची भुकटी. ती ढवळून वर आणायची असती."

मी फडक्याकडं पाहिलं. ते दोरीवर स्वच्छ वाळत होतं.

मामीनं विचारलं, "डाक्टर काय म्हनाले?" मामा म्हणाले, "वाढणार म्हनाले. गोळ्या घ्यायच्या, पर हात पयल्यागत न्हाई व्हायचा." एवढं बोलून ते पाय न धुताच भिंतीकडच्या सतरंजीवर आडवे झाले. मामी माझ्याकडं बघायला लागली. तीस वर्षांत तो माणूस बाहेरून येऊन पाय न धुता टेकला नव्हता. तेव्हा मला समजलं, काय झालं ते. वार्निश खरवडून रंग परत द्यावा म्हटलं, तर खरवडताना ते मोहरीएवढे खिळे निघाले असते. आणि ते परत बसवायला तो हात आता नव्हता. चाचांसमोर पुन्हा एक चावीचं इंजिन जाणार होतं, आणि ते शेवटचं. निरोपाला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर जाताना कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या एका शेजाऱ्याशी बोलले. तसली भुकटी मिळते का? तो म्हणाला, तिथं पावडरी लई, पण कुठली काय हे त्यालाच माहीत नसतं. गार्डाचा पुढचा फेरा महिन्यानं. मी आपली धुणं आपटत होते आणि रडू येत नव्हतं. माणूस फार दमला की रडायलाही बळ लागतं, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी मामीला न्हाऊ घालून तिचे केस विंचरत होते, तर ती एकदम म्हणाली, "तुला बघायला पाटसची मंडळी आली व्हती, तवा मी काय केलं व्हतं?"

"काय केलं व्हतं?"

"तुझं तोंड तव्यागत चकाकत व्हतं. म्या काय लावलं व्हतं?"

पावडर. मला आठवलं. पाहुणे अंगणात आले तरी मी चुलीपुढंच होते, घामानं आणि धुरानं चेहरा तेलकट. मामीनं खाटेजवळ बसवून स्वतःच्या वाकड्या बोटांनी माझ्या तोंडावर पावडर चोपडली होती आणि म्हणाली होती, थांब, चमक मारते. मोगऱ्याच्या वासाचा उंच डबा. माझ्यासाठीच तिनं मागवलेला. त्या मंडळींनी नकार कळवला ते सोडा. पण चमक मेली होती खरी.

मी डबा काढला. तळाशी थोडीच पावडर राहिली होती. झाकून ठेवलेल्या वाटीत उरलेलं वार्निश होतं. चहाचा अर्धा चमचा पावडर त्याच लुगड्याच्या फडक्यातून चाळून घातली आणि ढवळलं. हिंगाच्या डबीचं झाकण काळ्या रंगानं रंगवून त्यावर एक हात मारला. वाळल्यावर पाहिलं, तर पापडाच्या पिठासारखं पांढरं. मामी म्हणाली, "लई झालं. माझंबी पयल्यांदा लई झालं व्हतं, भुतागत दिसत व्हतीस. पुसून कमी केलं." मग दुसऱ्या झाकणावर पाव चमचा. मग त्याहून चिमूटभर कमी. अशी पाच झाकणं झाली. संध्याकाळी मामा आले तेव्हा मी पाचवं झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीत नेलं, वाकडं करून पाहिलं, उजेडात फिरवलं. झाकण त्यांच्या हातात थरथरत होतं, पण चमकत नव्हतं. काळं, कोरडं, तव्याच्या पाठीसारखं.

त्यांनी ते नाकाशी धरलं. "मोगरा?"

खाटेवरून मामी म्हणाली, "शालनच्या लग्नाचा हाय. वापरा."

दोन दिवस, दोन हात. या वेळी मी एका हातानं ढवळत होते आणि दुसऱ्या हातानं ब्रश चालवत होते, कारण ती पावडर जरा थांबलं की लगेच खाली बसायची. मामा माझ्या शेजारी स्टुलावर बसून नुसते "ढवळ, ढवळ" म्हणत होते. आजही मी आमटी वाढताना पळी तळापासून फिरवते. नातवंडं हसतात. त्यांना मी सांगते, तळाशी काय आहे ते बघितल्याशिवाय वरचं वाढू नये. इंजिन वाळलं आणि खरंच दमलेलं दिसायला लागलं. फक्त एक झालं. बुचांच्या खाली, जिथं ब्रश अडला होता, तिथं पावडर साचून पांढरे ओघळ राहिले. मामांनी ते पाहिले. मी म्हटलं, तेलाचं बोट फिरवून बघू का? ते म्हणाले, "नको. आता हात लावू नको. एक पुसायला जाशील, चार चमकतील." पण रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

निरोपाच्या दिवशी मी इंजिन मांडीवर घेऊन रिक्षात बसले, कारण मामांच्या हातात ते द्यायची सोय नव्हती. शेडच्या आवारात मांडव टाकलेला. हार झाले, भाषणं झाली. इस्माईलचाचा पांढरा सदरा घालून खुर्चीत अवघडून बसलेले, मोठा माणूस, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. मी इंजिन त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवलं आणि मागं मामांजवळ जाऊन उभी राहिले. मामांनी उजवा हात पाठीमागं धरला होता, डाव्या हातात घट्ट.

चाचांनी चष्मा लावला. इंजिनाला हात लावला नाही, नुसते खाली वाकून आडव्या नजरेनं बघत राहिले, रुळावर उभं राहून बघावं तसे. मग तोंड अगदी बॉयलरजवळ नेलं आणि एक लांब श्वास घेतला. सगळ्यांना वाटलं असेल, म्हातारा वास घेतोय तेलाचा, धुराचा. मला माहीत होतं, कसला वास येतोय ते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. माझ्या तोंडावर त्या दिवशी पावडर नव्हती.

मग त्यांचं बोट हळूच त्या पांढऱ्या ओघळापाशी गेलं. नखानं जरासं खरवडलं. परत खरवडलं. मामांनी मान खाली घातली. शेडमधलं कुणीतरी हसायच्या तयारीत खाकरलं.

"शंकर," चाचा म्हणाले. आवाज चढलेला, कपाळाला आठी, तीस वर्षं शेडमध्ये येऊन ओरडायचे तसा. "ये क्या है? कितने दिन हुए? वॉशआऊट कब करेगा इसका?"

मामांनी मान वर केली. मग म्हणाले, "उद्या करतो, चाचा."

"कल नहीं. आज," चाचा म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. फार वेळ पुसत बसले.

आम्ही चालत घरी आलो. मी विचार करत होते, की पुढच्या रविवारी मला बघायला येणाऱ्या मंडळींपुढं आता काय लावून बसायचं. डब्याच्या तळाशी चिमूटभर पावडरही उरली नव्हती. खरंच त्या रविवारी मी तशीच चकाकत्या तोंडानं पोह्यांचं ताट घेऊन गेले, आणि त्या लोकांना मी चालले. पण तो विषय निराळा.

दारात पाय ठेवला, तर मामीनं छडीसुद्धा वाजवली नाही. डोळे आमच्यावर.

"काय म्हनाले वो?"

मामा चपला काढत होते. "वॉशआऊट राह्यलाय म्हनाले. आजच्या आज करून द्या म्हनाले."

मामीला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या वॉशआऊटचे कपडे तीस वर्षं तिनंच त्या फेस न येणाऱ्या पाण्यात आपटले होते. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, जराशानं परत इकडं केलं.

"आन् वास?"

"आला आसंल," मामा म्हणाले. "पर बोलले न्हाईत."

"शालन," मामी म्हणाली, "मामांना पाय धुवायला पाणी दे. दमून आल्यात."